आतल्या चाकावर वजन किती? ट्रॅकवरच्या एका एमएक्स-५ ला एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल) निवडून बसवल्याचं पूर्ण प्रकरण

गाडी माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीतली म्हणजे एनबी, १.८ लिटर, पाच गिअर, १४० हॉर्सपॉवर, १६२ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवणारा जोर), फायनल ड्राइव्ह (डिफरेन्शियलमधला शेवटचा गिअर रेशो) ४.१. मालक माझा मित्र, मूळचा कोल्हापूरचा, आता इंग्लंडात मिडलंड्समध्ये नोकरीला, मी पण तिकडेच. गाडी रोड लीगल आहे, ट्रॅक डेला (रेसट्रॅकवर आपलीच गाडी चालवायला मिळते तो दिवस) चालवत जायची, दिवसभर हाणायची आणि त्याच टायरवर घरी यायचं, असा सगळा मामला. बहुतेक वेळा नॉरफोकमधलं स्नेटर्टन, अधूनमधून लिंकनशायरमधलं कॅडवेल पार्क. गाडीला रोल केज नाही, फक्त रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान), कॉइलओव्हर (ॲडजस्ट होणारे स्प्रिंग-डँपर), १९५/५०-१५ चे सेमी स्लिक (रस्त्यावर चालणारे ट्रॅकचे टायर), आणि मागे जाडजूड ॲडजस्टेबल अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा, पुढे नुसतं बार म्हणतो तो हाच), तोही सगळ्यात कडक भोकावर लावलेला. डिफरेन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच, थोडक्यात डिफ) मात्र साधं, ओपन, म्हणजे पकड असलेल्या चाकाला जास्त ताकद देणारं एलएसडी नाही. एनबी १.८ म्हटलं की लोक गृहीत धरतात टॉर्सन (गिअरवालं एलएसडी) असणारच, पण तसं नाहीये, बऱ्याच गाड्या ओपन डिफवर पण विकल्या गेल्यात, त्यामुळे गाडी घेताना मागची दोन्ही चाकं उचलून एक हाताने फिरवून बघायचं, दुसरं उलट दिशेला सहज फिरलं तर ओपन.

तक्रार अशी होती की स्नेटर्टनला ॲगोस्टिनी नावाचं डावं हेअरपिन (जवळजवळ उलटं फिरवणारं वळण) आहे, दुसऱ्या गिअरमध्ये, तिथून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, रेव्ह वर जातात आणि गाडी आहे तिथेच. मित्र म्हणाला, "भावा, टू-वे प्लेटवालं एलएसडी टाकायचं, विषय कट." त्याच्या ओळखीत एकजण ड्रिफ्ट करतो, त्याच्याकडे ते (घासणाऱ्या प्लेटांनी दोन्ही चाकं बांधणारं, वन-वे टू-वेचं पुढे सांगतो) आहे, आणि त्याने सांगितलं होतं की याच्याशिवाय दुसरं काही घेऊच नको.

माझं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं आणि आजही तेच आहे. कुठलं एलएसडी, वन-वे का टू-वे, कुठल्या कंपनीचं, हे प्रश्न नंतरचे. आधी हे बघा की वळणातून बाहेर पडताना आतल्या मागच्या चाकावर वजन किती उरतंय. त्या एका आकड्यावरून अर्ध्याहून जास्त निर्णय आपोआप होतात, आणि तो आकडा डिफ नाही ठरवत, सस्पेन्शन ठरवतं.

ओपन डिफचा स्वभाव सगळ्यांना माहिती असतो तरी एकदा सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. ओपन डिफ दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतं, कमी नाही जास्त नाही. बैलजोडीतला एक बैल चिखलात घसरायला लागला की दुसरा कितीही दांडगा असला तरी त्यालाही पहिल्याएवढाच जोर लावता येईल, असं जू समजा. म्हणजे आतलं हलकं चाक जेवढं ओढू शकेल त्याच्या दुप्पट, एवढीच गाडीची एकूण ओढ. बाहेरच्या चाकाखाली भरपूर ग्रिप पडून आहे आणि ती वापरताच येत नाही. हे दुखणं जुनं आहे, १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांना हेच झालं, ताकद इतकी की आतलं चाक नुसतं फिरायचं, आणि फर्डिनांड पोर्शे यांच्यासाठी झेडएफने लिमिटेड स्लिप डिफ बनवलं ते त्याच्यावरचा उपाय म्हणून.

आधी बघितलं, मग पैसे काढले

दोन्ही मागच्या टायरच्या साइडवॉलवर पांढऱ्या टायर पेनने एक जाड पट्टा ओढला आणि दोन्ही बाजूंना दाराच्या खालच्या पत्र्यावर छोटे कॅमेरे लावले, मागच्या चाकाकडे तोंड करून, स्लो मोशनवर. (ट्रॅक डेवाल्यांना विचारून आणि दोरी बांधूनच लावा, नाहीतर सरळ काढायला लावतात, आणि ते बरोबरच आहे, मागून येणाऱ्याच्या काचेवर गेला म्हणजे?) व्हिडिओत ॲगोस्टिनीला जे दिसलं ते बघण्यासारखं होतं. ब्रेक सोडून गाडी आत वळते तेव्हा डावं मागचं चाक चक्क जमिनीपासून सुटतं, टायरखालून उजेड दिसतो, मग गाडी सरळ व्हायला लागते तसं ते खाली टेकतं, पण टेकलं तरी टायरची साइडवॉल अजिबात फुगलेली नाही, म्हणजे नावालाच टेकलंय, आणि त्याच क्षणी पांढरा पट्टा भिंगरीसारखा फिरायला लागतो. उजव्या बाजूच्या व्हिडिओत त्याच क्षणाला पट्टा निवांत फिरतोय. त्या वळणाच्या बाहेर डांबरावर आमच्या टायरची काळी रेघ पण एकच होती.

चाक उचलण्यामागे दोन कारणं होती. एक म्हणजे तो मागचा कडक बार. ओपन डिफची एमएक्स-५ पुढून थोडी ढकलते (वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते) म्हणून लोक मागचा बार कडक करतात, गाडी छान फिरायला लागते, पण बार कडक म्हणजे मागच्या ॲक्सलवर वजनाची बदली जास्त, म्हणजे आतलं चाक आणखी हलकं. दुसरं कारण ड्रायव्हर. मित्राने कोल्हापूरला असताना कार्टिंग केलंय, आणि कार्टला डिफ नसतंच, मागचा ॲक्सल एकसंध दांडा. दोन्ही चाकं जमिनीवर असली तर कार्ट वळतच नाही, सरळ जातं, म्हणून कार्टची सगळी भूमितीच अशी करतात की स्टिअरिंग फिरवलं की आतलं मागचं चाक उचललं गेलं पाहिजे, आणि ड्रायव्हर पण उशिरा ब्रेक, झटक्यात स्टिअरिंग अशी सवय लावून घेतो. कार्टमध्ये ती सवय सोन्यासारखी. ओपन डिफच्या गाडीत तीच सवय म्हणजे हाताने आतलं चाक रिकामं करून मग त्याच्याकडूनच ओढ मागणं.

आता हिशोब. ढोबळ आहे पण खूप काही सांगून जातो. गाडी आणि ड्रायव्हर मिळून ११३० किलो धरले, मागच्या ॲक्सलवर ५६०, म्हणजे चाकाला २८०. गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटर उंचीवर, ट्रॅक म्हणजे डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १.४३ मीटर. वळणातून निघताना बाजूचा जोर ०.८ जी (वजनाच्या ०.८ पट) धरला तर एकूण २८५ किलोच्या आसपास वजन आतून बाहेर जातं. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरला चाकापाशी ओढ येते साधारण ४०० किलोची (टॉर्क १६२ गुणिले दुसऱ्या गिअरचा रेशो १.८८८ गुणिले ४.१, थोडे लॉस वजा, भागिले टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर), त्यामुळे पुढचं थोडं वजन मागे येतं, चाकाला ३५ किलो धरा.

कडक बारमुळे त्या २८५ पैकी ६० टक्के मागचा ॲक्सल झेलतोय असं धरलं तर आतल्या चाकावर उरतात १४४ किलो. सेमी स्लिकची ग्रिप १.१ धरून आणि त्यातली काही ग्रिप बाजूच्या जोराला गेली हे वजा करून पुढे ओढायला उरते सुमारे १२० किलो. ओपन डिफ, म्हणजे दोन्ही मिळून २४०. इंजिन देतंय ४००. फिरणारच चाक, दुसरं काय होणार!

बार मऊ करून मागचा वाटा ४५ टक्क्यांवर आणला तर आतल्या चाकावर १८७ किलो, ओढ १५५, ओपन डिफवर एकूण ३१०. म्हणजे एक पैसा न घालता सत्तर किलोची ओढ वाढली. आता यात टॉर्सन टाका. टॉर्सनसारख्या गिअरवाल्या डिफचं काम गुणाकाराचं आहे, आतलं चाक जेवढं ओढेल त्याच्या काही पट बाहेरच्याला देतं. तो पट दोन धरला तर बाहेर ३१०, आत १५५, एकूण ४६५. इंजिनचे ४०० त्यात आरामात बसतात. पण तेच टॉर्सन कडक बारसोबत बसवलं तर १२० आणि २४० मिळून ३६०, म्हणजे एलएसडी बसवून सुद्धा चाक फिरणार. आणि चाक हवेत असेल तर शून्याची दुप्पट शून्यच.

"टॉर्सन टाकलं पण काही फरक नाही, बेकार वस्तू आहे" असं जे कायम ऐकू येतं ना, त्यातल्या कितीतरी गाड्या मला वाटतं कडक मागच्या बारवर धावत असतात. वस्तू बेकार नाही, तिला धरायला काही दिलंच नाही तर ती गुणाकार कशाचा करणार.

हिशोबावर विश्वास ठेवण्यापेक्षा ट्रॅकवरच तपासलं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या बारची एका बाजूची लिंक (बार चाकाकडे जोडणारी कांडी) सोडून बांधून ठेवली, दहा मिनिटांचं काम. दुपारच्या सेशनला मित्राला गाडी आत जाताना जड वाटली, रिचेस या पहिल्या वेगवान उजव्या वळणाला पुढून सरकत होती, आणि तो कुरकुरत आला. पण व्हिडिओत चाक जमिनीवर होतं, पट्ट्याचं भिंगरीसारखं फिरणं निम्म्यावर, आणि जीपीएस लॉगरवर ॲगोस्टिनीनंतर ठरवलेल्या खुणेपाशी वेग वाढलेला. ज्यांना डिफ घ्यायचंय त्यांनी हे आधी करा. लिंक सोडून काहीच फरक पडला नाही तर दुखणं वेगळं आहे.

मग टॉर्सनच का

पर्याय चार-पाच होते. डिफ वेल्ड करणं, रस्त्यावर चालवायच्या गाडीला मी सुचवतच नाही, पावसात चौकात वळताना मागची चाकं फरफटतात आणि शाफ्टवर कायम ताण. नंतरच्या एनबीमध्ये येणारं फुजीचं कोनवालं डिफ, आत स्प्रिंगने दाबलेले कोन असतात, नवं असताना बरं चालतं पण झिजलं की दुरुस्त करायची सोय नाही, जुनं घ्यायचं म्हणजे आत काय उरलंय देव जाणे. बाजारात मिळणारं क्वाइफसारखं गिअरवालं, उत्तम वस्तू, पण काम टॉर्सनचंच करणार आणि पैसे कितीतरी जास्त. आणि मित्राचं लाडकं प्लेटवालं.

प्लेटवाल्याचा अभ्यास केला तर त्या ताकदीला त्याची गरजच दिसत नव्हती. मऊ बारवर बाहेरचं चाक जास्तीत जास्त ३७० किलो ओढू शकत होतं, म्हणजे आतल्याच्या २.४ पट. याच्या वरचा लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधायचा जोर) वापरायला बाहेर ग्रिपच शिल्लक नाही. इंजिन मागत होतं ४००, टॉर्सन देत होतं ४६५. मग प्लेटचा खर्च, दर थोड्या दिवसांनी ऑइल, काही सीझननी नव्या प्लेट, पार्किंगमध्ये कटकट आवाज, हे सगळं कशासाठी? शिवाय इंग्लंडातला पाऊस. ओपन डिफ आणि काही प्रमाणात टॉर्सन सुद्धा माफ करणारं असतं, आतलं चाक फिरलं तरी बाहेरचं बाजूचा जोर धरून ठेवतं. भरपूर लॉकवालं प्लेट सुटतं तेव्हा दोन्ही चाकं एकदम सोडतं, आणि २२६५ मिलिमीटर व्हीलबेसची आखूड गाडी ओल्या डांबरावर किती पटकन फिरते ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको.

भंगारवाल्याकडून टॉर्सन टाइप २ चं अख्खं डिफ घेतलं, हाउसिंग, क्राउन-पिनियन (डिफ फिरवणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी), बाजूचे शाफ्ट सगळ्यासकट, ४.१ चंच. अख्खं घेतल्यामुळे आत काही ॲडजस्ट करायचं नव्हतं, फक्त सील बदलले. काम खरं वेगळ्याच ठिकाणी अडतं. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत ॲल्युमिनियमचा एक लांब सांगाडा असतो, पीपीएफ म्हणतात त्याला, त्याचे बोल्ट इथे हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठामुळे आत गंजून बसतात. आदल्या दोन-तीन दिवस पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, आणि परत बसवताना पीपीएफची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजूनच आवळा, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि हायवेवर गुणगुण सुरू होते, मग माणूस डिफला शिव्या देत बसतो.

ऑइल साधं जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल, ७५डब्ल्यू-९०, एक लिटर. टॉर्सनला फ्रिक्शन मॉडिफायर लागत नाही, उलट त्याचं सगळं काम गिअरच्या घर्षणावरच चालतं, मग ते कमी कशाला करायचं.

मागचा बार सगळ्यात मऊ भोकावर आणला. रिचेसला जे पुढून सरकणं वाढलं होतं ते पुढचा कॅम्बर (चाकाचा आत झुकलेला कल) थोडा वाढवून आणि पुढचा बार एक भोक मऊ करून काढलं. आणि मित्राला एक गोष्ट बदलायला सांगितली, ब्रेक झटक्यात न सोडता हळू सोडत आत जायचं, स्टिअरिंग एका ओघात. ही गोष्ट बोलायला सोपी आणि करायला अवघड, कोल्हापूरची सवय काही एका दिवसात जात नाही, पण व्हिडिओ समोर ठेवला की माणूस वाद घालत नाही. ॲगोस्टिनीच्या बाहेर पडताना ताशी चार-पाच किलोमीटरचा फरक पडला आणि तो पुढे हॅमिल्टन वळणापर्यंत टिकत होता. रेव्ह उगाच चढणं बंद. कॅडवेलला तर गाडी दुसरीच वाटत होती, तिथली वळणं एकाला एक लागून आहेत, ॲक्सिलरेटरवर गाडी रेषेत ठेवता येणं हाच तिथला अर्धा वेळ.

खरं तर इथेच प्रकरण संपलं असतं.

मग सुपरचार्जर आला

पुढच्या हिवाळ्यात गाडीला सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बसला. दोनशे हॉर्सपॉवरच्या आसपास आणि टॉर्क २३० न्यूटन मीटर. तोच हिशोब परत मांडला, दुसऱ्या गिअरमध्ये चाकापाशी ओढ आता ५७० किलो. टॉर्सनची मर्यादा ४६५. आणि टायरची मर्यादा, आत १५५ बाहेर ३७०, म्हणजे ५२५. यातून दोन गोष्टी सरळ दिसल्या. टॉर्सन आता साठ किलो ओढ वाया घालवतंय. आणि कुठलंही डिफ टाकलं तरी ५२५ च्या वर काही मिळणार नाही, उरलेलं उजव्या पायाने सांभाळायचं. म्हणजे पाहिजे होतं असं डिफ की ज्याचा पट २.४ पेक्षा थोडा जास्त, तीनच्या आसपास. चार किंवा पाच नको.

म्हणून प्लेटवालं, पण मित्राला पहिल्यापासून हवं होतं ते टू-वे नाही, १.५-वे. प्लेटवाल्यात काय होतं की मधली आडवी पिन दोन प्रेशर रिंगांच्या खाचेत बसलेली असते, टॉर्क आला की पिन खाचेच्या उतारावर चढते, रिंगा बाहेर ढकलल्या जातात आणि प्लेटांचा गठ्ठा दाबला जातो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एका बाजूचा उतार काम करतो, सोडल्यावर दुसऱ्या बाजूचा. दोन्ही उतार सारखे म्हणजे टू-वे, सोडल्यावर अजिबात लॉक नाही तो वन-वे, सोडल्यावर कमी लॉक तो १.५. बहुतेक कंपन्यांत कोन जेवढा लहान तेवढा दाब जास्त, पण काहीजण उलट बाजूने मोजतात, त्यामुळे आकडा बघून ऑर्डर करू नका, त्या कंपनीचा कागद वाचा.

सोडल्यावरचा थोडा लॉक हवाच होता. रिचेसला वेगात पाय उचलला की ही गाडी मागून हलकी होते, आणि मित्र ब्रेक घेऊन आत जाणारा, दोन्ही मागची चाकं थोडी बांधलेली असली की मागची बाजू शांत राहते. पण टू-वे एवढा बांधून ठेवला तर हळू वळणात गाडी आतच येत नाही. ड्रिफ्टवाल्याला टू-वे लागतं कारण त्याला पाय सोडल्यावर सुद्धा मागची दोन्ही चाकं एकत्र सरकायला हवी असतात. त्याचं बरोबर आहे, त्याच्या कामासाठी.

यावेळी आतलं काम होतं. आमच्या इथल्या गावातले एक निवृत्त आजोबा, आयुष्यभर ॲक्सल आणि डिफच बांधत आलेले, त्यांच्या शेडमध्ये केलं. पिनियनला हात लावला नाही, कारण क्राउन-पिनियनची जोडी तीच, बेअरिंग चांगली, मग पिनियनची खोली बदलत नाही. टॉर्सनवरचं क्राउन व्हील काढून नव्या डिफवर चढवलं, बोल्टला थ्रेडलॉक, टॉर्क पान्याने समोरासमोर आवळले. मग बाजूच्या ॲडजस्टर रिंगा फिरवत बॅकलॅश (दातांमधली मोकळीक). माझदाचा आकडा ०.०९ ते ०.११ मिलिमीटर, डायल गेज क्राउनच्या दातावर काटकोनात लावून, आणि एकाच जागी नाही, क्राउन फिरवत चार ठिकाणी. एका बाजूची रिंग सैल केली की दुसरीकडून तेवढीच घट्ट, नाहीतर बेअरिंगवरचा ठरलेला दाब जातो. शेवटी दातांना पिवळी मार्किंग पेस्ट लावून आजोबांनी पिनियन फिरवला, क्राउनला एका हाताने लाकडी दांडक्याने थोडं अडवून धरत, कारण ओझं असल्याशिवाय खरा ठसा उमटत नाही. ठसा दाताच्या मधोमध, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, पेस्ट पुसली, परत लावून परत बघितलं, तेव्हा कुठे लॉक प्लेट बसवू दिल्या.

बसवल्यावर डिफचा प्रीलोड, म्हणजे टॉर्क नसतानाही प्लेटा जेवढं बांधून ठेवतात ते, मोजला. एक चाक जमिनीवर, एक हवेत, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, हवेतल्या चाकाच्या हब नटला टॉर्क पाना लावून चाक सरकेपर्यंत ओढायचं (जमिनीवरच्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे लावायचे, हे सांगायला लागू नये पण सांगतो). डब्यातून आलेला प्रीलोड शंभर न्यूटन मीटरच्या आसपास निघाला. बेडिंग (नव्या प्लेटा एकमेकींवर घासून बसवणं) रिकाम्या पार्किंगमध्ये, हळू आठचा आकडा काढत वीसेक मिनिटं, दोन्ही दिशांना सारखं, मग गार करून ऑइल बदललं. बाहेर आलं ते राखाडी, चमचमणारं, नव्या प्लेटांचं तसंच येतं, घाबरायचं नाही. पण ते ऑइल आत ठेवून ट्रॅकवर जायचं नाही. नंतर प्रीलोड सत्तरच्या जवळ.

स्नेटर्टनला पहिल्या सेशननंतर मित्र म्हणाला, "बाहेर पडताना तोफ आहे लेका, पण आत जाताना गाडी ऐकतच नाही." नेमकं विचारलं कुठे, पाय कुठे होता. ॲगोस्टिनीला ब्रेक सोडल्यापासून ॲक्सिलरेटर दाबेपर्यंतच्या मधल्या वेळात गाडी पुढून सरकत होती, आणि मरेजला, म्हणजे कोरमचं लांब उजवं वळण संपता संपता ब्रेक मारून डावीकडे वळायचं असतं तिथे, तसंच. रिचेसला मात्र खूश, मागची बाजू कधी नव्हे इतकी शांत. हे ऐकल्यावर बार आणि कॅम्बर फिरवत बसायची गरज नव्हती. वेगात चांगली, हळू वळणात दोन्ही पाय मोकळे असताना ढकलते, म्हणजे प्रीलोड जास्त. प्रीलोड कायम असतो, टॉर्क असो नसो, त्यामुळे जिथे टॉर्क नाही तिथे तोच एकटा जाणवतो. ब्रेकच्या सुरुवातीपासूनच ढकलली असती तर सोडल्यावरच्या उतारावर संशय घेतला असता. ॲक्सिलरेटर दाबल्यावर ढकलली असती तर दाबल्यावरच्या उतारावर किंवा प्लेटांच्या संख्येवर.

डिफ परत उघडलं. शिम (पातळ चकत्या) बदलून प्रीलोड चाळीसवर आणला. सोबत प्लेटांची मांडणी पण बदलली, एक आड एक लावलेल्या प्लेटांतल्या प्रत्येक बाजूच्या दोन घासणाऱ्या एकत्र आणि दोन स्टीलच्या एकत्र ठेवल्या, म्हणजे घासणारे पृष्ठभाग कमी होतात आणि एकूण लॉक खाली येतो. आमचा हिशोब तीन पट मागत होता आणि डब्यातलं डिफ त्यापेक्षा बरंच जास्त देत होतं. उतार तेच ठेवले. ऑइल ७५डब्ल्यू-१४०, प्लेटवाल्यासाठीचं. पार्किंगमधला कटकट आवाज थोडा आहे, मॉडिफायर वाढवून तो घालवता येतो पण लॉक पण घालवतो, म्हणून राहू दिला.

एक गैरसमज इथे काढून टाकतो, कारण तो फार पसरलाय. प्लेटवालं असलं की चाक हवेत गेलं तरी चालतं असं नाही. तीन पट म्हणजे टॉर्कच्या निम्मा लॉक. एक चाक पूर्ण हवेत असेल तर अशा डिफमधून जास्तीत जास्त प्रीलोडच्या दुप्पट टॉर्क बाहेर पडतो, आमच्या बाबतीत ८० न्यूटन मीटर, म्हणजे तीसेक किलोची ओढ. इंजिन देतंय ५७०. त्यामुळे मागचा बार आजही मऊ भोकावरच आहे, आणि मागच्या डँपरचा खाली जायचा प्रवास पण वाढवून घेतला, कॅडवेलच्या चढउतारांवर चाक जमिनीला लागून राहावं म्हणून.

आता गाडी आत नीट जाते, ॲगोस्टिनीच्या बाहेर काळ्या रेघा दोन पडतात, आणि दोन्ही चाकं एकदम सुटतात तेव्हा सुटण्याआधी स्टिअरिंगमध्ये हलकेपणा येतो, तेवढी सूचना मित्राला पुरते. पावसात मात्र त्याने स्वतःहून नियम केलाय, दुसऱ्या गिअरची वळणं तिसऱ्यात. टॉर्सन आम्ही विकलं नाही, हाउसिंगसकट शेल्फवर आहे, कारण सुपरचार्जर नको वाटला तर त्या गाडीला माझ्या मते तेच जास्त शोभतं.

ऑइल दर तीन-चार ट्रॅक डेला बदलतो, आणि दर वेळी चाक उचललेलंच असतं म्हणून टॉर्क पाना लावून प्रीलोड बघून वहीत लिहितो. तीसच्या खाली गेला की प्लेट मोजायला डिफ खाली काढायचं असं ठरलंय.